लाल रेघ

आपल्याच हकालपट्टीचं निवेदन खासगी सचिवांनी सकाळी दहाच्या आत टाइप करून आणलं. त्यांना सगळं कार्यालय मास्तर म्हणे. अक्षरं नेहमीसारखी बोराएवढी, कारण कॅमेऱ्यासमोर चष्मा लावायला राष्ट्राध्यक्ष तयार नसत. मधूनमधून लाल रेघा. रेघ आली की थांबायचं, मनात तीनपर्यंत मोजायचं, श्वास घ्यायचा. साहेबांना दम लागतो हे घरच्यांखेरीज फक्त मास्तरांना ठाऊक होतं, आणि बावीस वर्षं त्यांनी ते पोटातच ठेवलं होतं.

आपल्या जावयाच्या कारखान्याला नियमबाह्य परवानगी साहेबांनीच द्यायला लावली होती. कागदावर सही मात्र मास्तरांची. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मास्तर त्यालाही तयार होते. त्यांना फक्त एक वाक्य हवं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच निवेदनात घालून ठेवलं होतं : 'ते माझे मित्र आहेत.'

साहेबांची पेन्सिल नेमकी तिथे थांबली.

"एवढं राहू द्याल का?" मास्तरांनी विचारलं. स्वतःसाठी त्यांनी मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

"लोक म्हणतील, मित्र म्हणून इतके दिवस पाठीशी घातलं." साहेबांनी वाक्य खोडलं. "तू समजून घेशील, मास्तर."

समजून घेणं हीच तर मास्तरांची नोकरी होती. त्यांनी पान पुन्हा टाइप केलं, लाल रेघा पुन्हा मारल्या, कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ते घरी आले.

बायकोने टीव्ही लावून ठेवला होता. बंद कर म्हटलं तर ऐकेना. पोरगी झाली तेव्हासुद्धा तुम्ही त्यांच्याबरोबर दौऱ्यावर होतात, एक शब्द तरी चांगला बोलतीलच की, असं तिचं चाललं होतं.

साहेब खणखणीत आवाजात वाचत होते. मास्तरांचं पूर्ण नाव आलं. 'यांना पदावरून दूर करण्यात येत आहे' आलं. आणि साहेब थांबले. कागदाकडे बघत राहिले.

"बघा," बायको डोळे पुसत म्हणाली, "गळा दाटून आला त्यांचा. तुम्ही उगाच मनाला लावून घेत होतात."

मास्तरांनी मान हलवली. त्यांचे ओठ नकळत पुटपुटत होते. एक, दोन, तीन.

साहेबांनी पुढचं वाक्य वाचायला घेतलं.