लालबाग सोडायचं नसतं

गणपतीत आमच्या लालबागच्या खोलीत सगळी पंगत बसली होती. मी सांगितलं, मला अकोल्याला नोकरी लागलीय, आईला घेऊन तिकडेच राहायला चाललेय.

"अकोला? उन्हात करपून मराल!" काकू म्हणाली.

"तिकडे काय ठेवलंय? लालबागचा माणूस लालबाग सोडत नसतो," दत्तारामकाकांनी मोदकावर तूप ओतून घेत निकाल दिला.

माझं डोकंच फिरलं. "आईचे गुडघे गेलेत, काका! गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत रोज भिंत धरून जाते. दोनदा पडली, तेव्हा तुमच्यातलं कोण आलं होतं? तिकडच्या घरात आतच संडास आहे. करपलो तर करपू!"

आई खाली मान घालून वाढत राहिली.

"आणून दे की एखादी कमोडची खुर्ची," काकू पुटपुटली. "त्यासाठी मुंबई सोडतात होय?"

"मग तुम्ही राहा इथे तिच्याजवळ! बोला, कोण राहतंय?"

 

काका दचकलेच. "आम्ही कसे राहणार? आमचं घर बदलापूरला. पण तुम्ही गेलात, तर गणपतीत आम्ही उतरायचं कुठे?"