तिकडून लागणारा दिवा

आई एकटी राहते म्हणून थोरल्यानं गेल्या सुट्टीत तिच्या घरातले दिवे, पंखे, पाण्याचा पंप असं सगळं इंटरनेटला जोडून दिलं होतं. स्विचबोर्डामागे मायक्रोकंट्रोलरचं इवलंसं सर्किट बसवलं होतं. दूरच्या गावी बसून त्यानं मोबाइलवर बोट टेकवलं, की इथला दिवा लागायचा.

वर्षभरानं तो घरी आला, तेव्हा शेजारच्या काकू टपूनच बसल्या होत्या.

"काय साहेब, एवढी बटणं केलीत, त्यात आईला फोन करायचं बटण राहूनच गेलं वाटतं?"

चहाचे कप घेऊन येताना त्याची मान खाली गेली. आईच उसळली.

"उगाच बोलू नका त्याला. फोनला सवड होत नसेल, पण रोज दिवेलागणीला तिकडून आठवणीनं माझा दिवा लावतो. एक दिवस चुकला नाही. मी तर बटणाला हातसुद्धा लावत नाही, अंधारात बसून राहते. दिवा लागला की म्हणते, आली बाई लेकाला माझी आठवण!"

रोज ठरल्या वेळी दिवा लावायचं काम त्यानं जाण्यापूर्वीच त्या सर्किटवर सोपवलं होतं. हे आता सांगावं कसं, म्हणून तो दारातच घुटमळला, आणि तेवढ्यात खोलीतला दिवा लागला.

आईनं दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्या दोन्ही हातांतल्या कपांकडे.


"ठेव ते खाली," ती हळूच म्हणाली, "हात भाजतील."