आजारपणाचा दाखला

पाच वर्षं नॉर्थ डकोटातल्या आडगावात मानसोपचार केले, तर शिक्षणाचं कर्ज सरकार फेडणार, म्हणून डॉक्टर मॅरिट तिथे आली. चौथ्या वर्षी गावाची दुःखं ऐकता ऐकता तिचीच झोप उडाली. तिने दोन महिन्यांची रजा मागितली.

सरकारचं उत्तर तत्परतेने आलं: 'तीस दिवसांत आपल्याच जिल्ह्यातल्या मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला जोडा. अन्यथा कर्ज आपलं आपण फेडा.'

"आता कोणाकडे जाऊ गं, व्हर्ना?" तिने दवाखान्यात नावं नोंदवणाऱ्या म्हातारीला विचारलं.

व्हर्नाने चष्मा पुसून वही उघडली.



"जिल्ह्यात तू एकटीच आहेस, पोरी. आणि तुझी पहिली रिकामी वेळ अकरा आठवड्यांनी आहे."