मानेची उशी

थेरगाव ते चाकण रोज गाडी मी चालवतो आणि बाकीची तिघं झोपतात. पुढच्या महिन्यात कंपनी आम्हाला ट्रेनिंगला जर्मनीला पाठवणार आहे; तिथून एका रविवारी आल्प्समध्ये स्कीइंगला जायचं ठरलं. रेल्वे परवडेना, म्हणून अवधूतनं स्वस्तातली भाड्याची व्हॅन शोधली. एकदाचं खिडकीशी बसून झोपायला मिळणार म्हणून मी मानेची उशीही घेतली. ती डॅशबोर्डवरच ठेवली होती. आज ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना मागून सुमेधानं विचारलं, "ड्रायव्हरच्या जेवणाचं, भत्त्याचं काय ठरलंय?" शेजारी बसलेल्या अवधूतनं मोबाईलवर बुकिंग पुन्हा वाचलं. "अरे, तिकडं गाडीबरोबर ड्रायव्हर येतच नाही. आपणच चालवायची." मग माझ्या खांद्यावर थाप मारून तोच म्हणाला, "काय टेन्शन नाही, हरिहर आहे की," आणि त्यानं डोळे मिटले. मी डॅशबोर्डवरची उशी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "घे. तुलाच लागेल."