दोन किलोची वाट

काट्यावरचा आकडा या वेळीही पुढे सरकला नाही. सुनेने कोंबड्यांची टोपली खाली घेतली, काटा शून्यावर आणला, टोपली पुन्हा ठेवली. तेच.

"वाढले का?" सासऱ्यांनी विचारलं.

"कुठले? पक्ष्यामागे दीड किलोच्या आसपासच घोटाळतायत. दोन तरी व्हायला हवेत."

"होतील. खातायत की आता."

"खाऊन काय उपयोग, बाबा? खाल्लेलं सगळं धापा टाकण्यातच जातंय."

सासरे उठले. टोपली उचलून पक्षी शेडमध्ये सोडायला गेले. त्यांचं चालणं संथ, हात हलका. म्हणूनच वजनासाठी पक्षी आणायचं काम तिने त्यांना दिलं होतं. या उन्हात पक्ष्यांना पळवू नका, एकाच्या मागे धावलात तर दहा गुदमरतील, असं पशुवैद्यांनी बजावलं होतं. तिने ते सासऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं होतं, फक्त जरा चढ्या आवाजात.

बाकी सगळं ती नियमाने करत होती. छपरावर ओली गोणपाटं. दुपारी दाण्याची भांडी वर ओढायची, ऊन उतरलं की खाली सोडायची. पाण्यात क्षार मिसळायचे. अशक्त पक्षी दाराजवळ, जाळीआड. पंखे अखंड चालू. आणि तरी पक्षी चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसलेले. पुस्तकात सांगितलेलं एकूण एक करायचं आणि काट्याने तोंड वाकडं करायचं, हे तिला सहन होत नव्हतं.

"हा लॉट हलका निघाला तर शेड गोदामासाठी देऊन टाकू," नवरा म्हणाला होता. "तू परत शाळेच्या प्रयोगशाळेत जा. तिथे निदान सगळं आधीच मेलेलं असतं."

तो हसत म्हणाला होता. तिला तेच जास्त लागलं होतं.

दुपारी व्यापारी आला. मोटरसायकलवरून न उतरताच त्याने जाळीतून आत नजर टाकली.

"ताई, माल भरलाय. उद्या गाडी लावतो."

"पंख पसरून बसलेत म्हणून भरलेले दिसतात. काटा दीडच्या वर जात नाही."

"माझी हयात गेली यात."

"मग माझा काटा खोटं बोलतो का?"

"काटा कशाला खोटं बोलेल? पण ऊन चढतंय. हातचं जाईल."

"हलके पक्षी ऊन सोसतात, दादा. पटापट मरतात ते जड. दोन किलो झाले की मीच फोन करते."

"तुम्ही शिकलेल्या. आपण काय बोलणार?" त्याने किक मारली. "करा फोन. मोसम संपायच्या आत करा म्हणजे झालं."

सासरे दारात उभे होते. "द्यायला हवे होते का गं?" ते हळूच म्हणाले.

"बाबा, आता तुम्ही सुरू होऊ नका."

त्यानंतरच्या वजनालाही आकडा तसाच राहिला. तिने टोपली आपटलीच.

"नीट आणता ना? पळवत तर नाही ना?"

"छे गं. एकालाही पळवत नाही."

"मग नशीबच हलकं आहे माझं."

त्या आठवड्यातली सगळ्यात कडक दुपार वारा न घेताच आली. वीज गेली. जनरेटरने दोनदा खोकून मान टाकली. सासरे आणि सून बादल्या घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी शिंपडत राहिले. तिचा आवाज बसला, ओढणी अंगाला चिकटली. वीज आली तेव्हा पंखे एका शांत शेडवर फिरू लागले.

ती वाकली. पायाजवळचा मेलेला पक्षी तिने एका हाताने उचलला, आणि तिला दुसरा हात लावावा लागला.

तिने तो काट्यावर ठेवला. दोन किलोच्या बराच वर. तिने काटा शून्यावर आणला. दुसरा पक्षी. मग तिसरा. एकही दोनच्या खाली नव्हता.

"बाबा," ती म्हणाली. "वजनाला तुम्ही कुठले पक्षी आणत होता?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग काट्याकडे. त्यांनी रिकामी टोपली उचलली आणि दाराजवळच्या जाळीआड जमिनीवर टेकवली. आतले हडकुळे पक्षी, सगळेच्या सगळे जिवंत, एकामागून एक उठले आणि कोणी न पळवता, रोजच्या सवयीने, आपणहून टोपलीत येऊन बसले.