पुंगळ्या काढायची नळी

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा मी लेथवर तिच्यासाठी चिमटा करत होतो. ती घरी आली की लागणार होता.

आमची मुलगी रेवती रिव्हॉल्व्हर नेमबाज. सहा काडतुसं एका पातळ पोलादी चकतीत अडकवून रिव्हॉल्व्हरमध्ये एकदम घालतात. चकतीत काडतुसं बसवणं आणि गोळ्या झाडल्यावर उरलेल्या रिकाम्या पुंगळ्या उपसणं तिची आई करायची. माझ्या चिमट्यानं ओढलं की चकती वाकायची, आणि वाकलेल्या चकतीनं रिव्हॉल्व्हर अडतं.

"अहो, ओढताय कशाला? पिळा की," ती म्हणायची.

"हे काय तुझं धुणं आहे?" मी म्हणायचो.

ती गेल्यावर महिन्याभरानं रेवतीची स्पर्धा आली. सरळ चकत्या चारच उरल्या होत्या. आदल्या दिवशी मी पितळेची नळी घेतली, टोकाला खाच पाडली, पुंगळीवर बसवली आणि पिळली. टक्कन निघाली. साही निघाल्या. चकती काचेवर ठेवून पाहिली, तर सपाट.

"ऐकलंत एकदाचं आईचं," रेवती म्हणाली.

मला राहवेना. त्याच पुंगळ्या पुन्हा बसवल्या, पुन्हा काढल्या. दहा वेळा, बारा वेळा. रेवती घड्याळ लावून बसली. "नऊ सेकंद, आबा. आता आठ." मग तिनं माझा हात धरला. बसवताना चकतीच्या कडेनं अंगठा फाटला होता. तिच्या आईचा अंगठा बारा महिने असाच असायचा.

काडतुसं बसवायचं अवजार बायकोनं कधी मागितलं नाही. ते करायचं अजून राहिलं आहे.