घरचा फोन, कामाचा फोन

"हं. बघतो. ठेवतो," दिगंबरच्या घरच्या फोनने त्याच्याच आवाजात कुमुदिनीला परस्पर उत्तर दिलं. मालकाच्या वतीने बोलणारे दोन फोन त्याने निवडले होते. विम्याच्या गिऱ्हाइकांसाठी महागडा, बायकोसाठी सवलतीतला. कुमुदिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या गिऱ्हाइकांचे असे काय लाड होतात? तिने खोटं नाव सांगून कामाच्या नंबरावर फोन लावला.

"बोला ना ताई! आवाज का उतरलाय? जेवलात का?"

तोच आवाज, पण मायेने ओथंबलेला. कुमुदिनी बोलतच राहिली.

दिगंबर घरी आला तेव्हाही ती खळखळून हसत होती.

"कोणाशी चाललंय एवढं?" त्याने धुसफुसत विचारलं.

"आहे एक," ती म्हणाली. "आवाज तुमचाच, पण मी जेवले का ते विचारतो."